पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

20 जुलै 1942 रोजी नागपुरात अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अखिल भारतीय अस्पृश्य परिषदेचे सूप नुकतेच वाजले होते, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची घोषणा झाली होती, आणि त्याच मांडवात आता हजारो बाया जमल्या होत्या. गिरणीत राबणाऱ्या होत्या, विड्या वळणाऱ्या होत्या, शेतावरच्या मजूर होत्या. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मागितला, पुरुषाच्या बहुपत्नीकत्वाला बंदी मागितली, कामगार बायकांसाठी रजा मागितली. बाबासाहेब त्या दिवशी बायकांशी घरातल्या वडीलधाऱ्यासारखे बोलले. स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका, असे त्यांनी सांगितले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, हेही सांगितले.

मुलांच्या संख्येची गोष्ट आणि दासी न होण्याची गोष्ट बाबासाहेबांनी एकाच भाषणात सांगितली. हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. पुढे सरकारने या दोन गोष्टींची फारकत केली. मुलांची संख्या तेवढी सरकारने उचलली आणि दासीपणाचा प्रश्न होता तिथेच राहिला. आज आपल्या वस्त्यांतल्या बाईला नको असताना एकदा दिवस राहतात, ती त्यातून कशीबशी मोकळी होते आणि वर्षाच्या आत पुन्हा तिथेच येऊन उभी राहते. याचे मूळ या फारकतीत आहे. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, हे कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि शिकणाऱ्या मुलामुलींनी नीट समजून घेतले पाहिजे.

संततिनियमन आणि कुटुंबनियोजन

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यांचा इतिहास मात्र वेगळा आहे.

संततिनियमन हा चळवळीचा शब्द आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक एकट्याच्या बळावर चालवले. त्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 साली कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले. तो खटला ते हरले. पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. ठराव बाबासाहेबांचा होता. ते त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याची साधने लोकांना मिळतील अशी सोय करावी, एवढीच मागणी होती. त्या भाषणात देशाच्या गरिबीचा हिशेब होता, बाळंतपणात मरणाऱ्या बायांचा हिशेब होता, आणि एक सरळ सवालही होता. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला तो तयार झाला असता काय? ठरावाच्या बाजूने 11 मते पडली, विरुद्ध 52.

देशातल्या एका विधिमंडळात बाईच्या देहाचा प्रश्न तिच्या बाजूने मांडला गेला, तो अस्पृश्यांच्या आणि मजुरांच्या पक्षाकडून. संततिनियमन ही उच्चभ्रूंची चैन आहे आणि दलित चळवळीने त्यात वेळ घालवू नये, असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी हा इतिहास एकदा उघडून पाहावा.

कुटुंबनियोजन हा सरकारचा शब्द. 1952 साली भारत सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारे जगातले हे पहिले सरकार म्हणतात. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर आला, 1968 साली निरोध आला. पण 1966 नंतर उद्दिष्टांचे राज्य सुरू झाले. अमुक तालुक्यातून अमुक इतक्या केसेस. माणसाची ‘केस’ झाली की तिला काय हवे ते विचारण्याची गरज उरत नाही.

आणीबाणीत त्याचे भयानक रूप दिसले. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. सक्ती होते तेव्हा ती वरून खाली घरंगळत येते. ज्याला शिधापत्रिका, कर्ज, घरासाठी जागा, झाडूवाल्याची नोकरी सरकारच्या दारात मागावी लागते त्याच्यावर ती आधी आदळते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सरकारी जीप आली की पळून जाण्याचे दिवस आठवतात, ते उगाच नव्हे.

1977 च्या निवडणुकीत सरकार गेले. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास उतरला. राज्यकर्त्यांनी यातून एक धडा घेतला. पुरुषाला हात लावला की मते जातात. बाईला हात लावला तर कोणी बोलत नाही. तेव्हापासून सारा भार बाईच्या पोटावर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी 37.9 टक्के स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर विसंबून आहेत आणि पुरुषाच्या शस्त्रक्रियेवर 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आहे, काही मिनिटांची आहे, तीत पोट उघडावे लागत नाही. तरीही हा आकडा.

नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 बायांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्यांतल्या 13 दगावल्या. एकेकाळी नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होते त्याच प्रांताचा हा मुलूख. तिथली माणसे आजही नागपुरात बांधकामावर विटा वाहतात. त्यानंतर 2016 साली देविका बिश्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

यातून एक चूक निष्कर्ष काढला जातो. सरकारी कुटुंबनियोजन जुलमी ठरले, म्हणून संततिनियमनच नको, असे काही जण म्हणतात. जुलूम साधनात नसतो, साधन कोणाच्या हाती आहे यात असतो. बाबासाहेबांनी साधन बाईच्या हाती मागितले होते. सरकारने ते तिच्यावर चालवले.

पुन्हा पुन्हा का?

एक बाई घ्या. इंदोऱ्याची घ्या, पाचपावलीची घ्या, नाहीतर कामठीची घ्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पहिले मूल. (आणि ही बरी परिस्थिती झाली. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 21.9 टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली.) मूल सात-आठ महिन्यांचे झाले आहे. पाळी अजून आलेली नाही, म्हणून ती निश्चिंत आहे. सासू म्हणते, “अंगावर पाजतेस ना, मग कायले दिवस राहते?” एक दिवस मळमळते. दिवस राहिलेले असतात. मधे एकदाही पाळी न येता!

हे कसे झाले? बाईचे बीज आधी सुटते आणि पाळी त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच ती गर्भ धरण्याजोगी झालेली असते. पाळीची वाट पाहून मग काळजी घेऊ म्हणणारी बाई गाडी सुटल्यावर फलाटावर येते. मूल अंगावर पीत नसेल तर बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यापासून बीज सुटू शकते. अंगावरच्या दुधाचा आधार खरा आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी आलेली नसावी, आणि बाळाला दिवसरात्र फक्त आईचेच दूध असावे, वरचे काही नसावे. या तिन्ही अटी पाळल्या तर शंभरात दोघींपेक्षा कमी बायांना दिवस राहतात. एक अट मोडली की भरवसा गेला. उष्टावण झाले की दुधाचे राखण संपले, एवढे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

आता ती बाई काय करते? नवऱ्याला सांगते. नवरा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. 2015 साली देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा हा अंदाज आहे. त्यांतले सुमारे 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले. गोळ्या वाईट नव्हेत. सुरुवातीच्या आठवड्यांत, योग्य प्रमाणात, डॉक्टरच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत. पण दुकानातून पुडी आणणाऱ्या बाईला रक्त किती गेले म्हणजे धोका, हे कोणी सांगत नाही. पुढे काय वापरायचे, हेही कोणी सांगत नाही. दुकानदार पैसे घेतो, नवरा सुटलो म्हणतो, बाई चार दिवस कंबर धरून कामाला जाते.

इथेच दुसरा फटका बसतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातानंतर अवघ्या दोन आठवड्यांत बीज पुन्हा सुटू शकते. लोकसमज असा की पिशवी साफ झाली, आता काही महिने भीती नाही. खरे ते उलट आहे. ज्या बाईला नुकतेच नको असलेले दिवस राहिले होते, तिलाच पुन्हा राहण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. तिचे शरीर गर्भ धरते हे सिद्ध झालेले असते, आणि ज्या परिस्थितीत ते झाले ती परिस्थिती तसूभरही बदललेली नसते. घर तेच, नवरा तोच, हातात साधन नाही ते नाहीच.

मग दवाखान्यात तिला ऐकावे लागते, “पुन्हा आलीस? अक्कल नाही का? यांना पोरं किती नि काय!” या ‘यांना’ शब्दात जात असते. म्हणून आकडा सांगतो. 2019-21 च्या पाहणीत देशात अनुसूचित जातींतल्या बाईमागे सरासरी 2.08 मुले होती. ‘इतर’ म्हणजे सवर्णांत प्रामुख्याने 1.93. महाराष्ट्रातल्या सर्व बायांची सरासरी तर 1.7 वर उतरली आहे. फरक एका मुलाच्या सातव्या हिश्शाचा आहे. त्याच्या जोरावर एका अख्ख्या समाजाला बेअक्कल ठरवले जाते.

बाई निष्काळजी नसते. आपल्या आरोग्यव्यवस्थेला बाईची दोनच रूपे ओळखता येतात. एक पोटुशी बाई, दुसरी शस्त्रक्रियेला तयार झालेली बाई. या दोन्हींच्या मधली बाई तिला दिसत नाही. जिला आज मूल नको पण चार वर्षांनी हवे असेल, जी गर्भपात करून काल घरी आली, जिला एक मूल आहे आणि दुसऱ्याचा विचार ठरलेला नाही, अशा बाईसाठी व्यवस्थेकडे बहुधा एकच उत्तर असते. “दोन झाले की ये, ऑपरेशन करू.” तोवरची चार-पाच वर्षे ती वाऱ्यावर असते. या मधल्या काळातच नको असलेले दिवस पुन्हा पुन्हा राहतात.

साधने आणि त्यांची वेळ

मूल जन्मल्यावर पुढचा गर्भ राहण्याआधी निदान दोन वर्षांचे, आणि गर्भपातानंतर निदान सहा महिन्यांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी साधने कोणती आणि ती कधी सुरू करता येतात, हे थोडक्यात पाहू.

तांबी, म्हणजे कॉपर टी. एक पाच वर्षे चालते, दुसरी दहा वर्षे. बाळंतपणात वार पडल्यावर लगेच किंवा 48 तासांच्या आत बसवता येते. ती वेळ गेली तर सहा आठवड्यांनी. दवाखान्यात पिशवी साफ केली असेल तर जंतुसंसर्ग नसल्यास त्याच वेळी. काढली की लगेच गर्भ राहू शकतो. वस्तीत म्हणतात, “तांबी वर चढते, काळजात जाते.” गर्भाची पिशवी म्हणजे तळघर नव्हे, तिला काळजाकडे जाणारी वाट नाही. क्वचित तांबी बसवताना पिशवीला इजा होते, हे खरे. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली कधी कधी आपोआप निसटते, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवायला जायलाच हवे. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाते, पोटात दुखते. हे आधी सांगितले तर बाई टिकते. न सांगता बसवली तर महिन्याभरात काढायला येते आणि आणखी दहा जणींना घाबरवते. तो दोष तिचा नव्हे.

अंतरा हे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शन. सरकारी कार्यक्रमात ते 2017 पासून आले. पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालते. पाळी अनियमित होते, पुष्कळदा बंदच होते. “रक्त आत साठते” ही भीती खोटी आहे, पण इंजेक्शन थांबवल्यावर गर्भ राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे आधीच सांगावे. ऐंशीच्या दशकात स्त्री संघटनांनी अशा इंजेक्शनांच्या चाचण्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. त्यांचा मूळ आक्षेप बायांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करण्याला होता. तो आक्षेप आजही विसरायचा नाही.

छाया ही गोळी लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाजणाऱ्या आईलाही चालते. माला-एन ही रोजची गोळी. ती मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने घेऊ नये. निरोध सर्वांना चालतो, आणि रोगांपासून बचाव करणारे हे एकच साधन आहे. अडचण एवढीच की ते पुरुषाच्या मर्जीवर असते. संबंधानंतर 72 तासांत घ्यायची तातडीची गोळीही असते, पण ती अडीअडचणीची आहे, रोजच्या वापराची नव्हे.

पुरुषाची नसबंदी केल्यावर पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि नंतर तपासणी करून घ्यावी लागते. हे न सांगितल्याने त्या तीन महिन्यांत बायकोला दिवस राहतात आणि संशय बायकोवर घेतला जातो. घरे मोडली आहेत यापायी.

बाईची शस्त्रक्रियाही कधी फसते. हरियाणातल्या संतरा नावाच्या मजूर बाईला सात मुले होती. शस्त्रक्रियेनंतर तिला आठवे झाले. तपासात कळले की तिची एकच नलिका बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तिला मिळालेली 54 हजारांची भरपाई कायम केली. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाळी चुकली तर लाजू नये, लगेच दवाखान्यात जावे, आणि शस्त्रक्रियेचा दाखला जपून ठेवावा.

सिकलसेल: विदर्भाचा स्वतंत्र प्रश्न

1958 साली नागपुरातले डॉक्टर शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लॅन्सेटमध्ये लिहिले. तेव्हापासून माहीत आहे की हा रक्तदोष विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरातले दुःख चळवळीत आणून सिकलसेल रुग्णांसाठी आयुष्य वेचले. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2023 पासून केंद्र सरकारचीही सिकलसेल मोहीम सुरू आहे.

सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला प्रत्येक गर्भारपण जोखमीचे असते. रक्त आणखी उतरते, वेदनेचे झटके वाढतात. म्हणजे नको असलेले दिवस तिला इतरांपेक्षा कितीतरी महाग पडतात. शिवाय साधन निवडतानाही तिला वेगळी काळजी लागते. माला-एनसारख्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो, तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून तिने दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. आजाराचे कार्ड डॉक्टरपुढे ठेवून मगच साधन ठरवावे. नुसती वाहक असलेल्या बाईला एवढी भीती नाही. विदर्भात कुटुंबनियोजनाचा सल्ला देणाऱ्याने आधी “सिकलसेल तपासले का?” हे विचारले पाहिजे.

कायदा काय देतो

गर्भपाताचा कायदा 1971 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन वगैरे काही गटांतल्या बायांना 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. साधन फसले हे कारण पूर्वी विवाहितेलाच होते, आता अविवाहितेलाही आहे. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायांना 24 आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही असे सांगितले. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी ती पुष्कळ ठिकाणी मागितली जाते. बाईचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि “आधी ऑपरेशनला हो म्हण, मगच गर्भपात करू” अशी अट कोणालाही घालता येत नाही.

दुसऱ्या बाजूला हेच राज्य दोन मुलांच्या अटीने शिक्षाही करते. सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झालेल्याला महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीचे दारही बंद होते. जिला साधन मिळाले नाही, जिच्या नवऱ्याने ऐकले नाही, जिची शस्त्रक्रिया फसली, तिच्या हातून आरक्षणाने आलेली सरपंचाची खुर्ची जाऊ शकते. सोय सरकारने केली नाही आणि दंड मात्र बाईने भरायचा.

आपण काय करावे

नागपुरात 1921 साली कमलाबाई होस्पेट यांनी मातृसेवा संघ काढला. बाळंतपणात मरणाऱ्या बाया वाचवणे हे त्या काळाचे काम होते. आजचे काम बाळंतपणानंतरच्या बाईला एकटी न सोडण्याचे आहे. त्यासाठी इमारत लागत नाही.

बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी लस टोचायला न्यावे लागते. या तीन खेपांना आई बाळाला घेऊन दवाखान्यात जातेच. बाळाला टोचले जाते, आईला मात्र बहुधा कोणी काही विचारत नाही. आपल्या आशाताईंनी, महिला मंडळांनी, समता सैनिक दलाच्या मुलींनी या तीन खेपांना एवढेच विचारावे: “ताई, पुढचं कधी हवं? हवं का? तोवर काय वापरता?” आठव्या महिन्यात हीच चौकशी केली तर अधिक बरे, कारण कळा सुरू झाल्यावर घेतलेली संमती ही संमती नव्हे. गर्भपात झालेल्या बाईकडे दोन आठवड्यांच्या आत जावे. चौकशी करताना सासू समोर नसावी. तिने आज नको म्हटले तर उपदेश न करता परत यावे आणि पुन्हा जावे. साधन बसवून घेण्याइतकाच ते काढून घेण्याचाही तिचा हक्क आहे. तांबी काढायला गेलेल्या बाईला परत पाठवले तर तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसणे हेही चळवळीचेच काम आहे.

शिक्षकांनी विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा “घरी वाचा” म्हणून सोडू नये. पाळी नंतर आणि बीज आधी, हे एक वाक्य फळ्यावर नीट समजावले तर कितीतरी आयुष्ये सावरतील. मुलांनाही तितकेच शिकवावे, मुलींना वेगळे बसवून नव्हे.

आणि पुरुष कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा म्हणतो, समतेच्या घोषणा देतो. त्याच आपल्या घरात बायकोची दोनदा पिशवी साफ झालेली असते आणि आपल्याला नसबंदीने “ताकद जाईल” ही भीती असते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींचे हाल लिहिले आहेत. ते हाल गावाने जितके दिले तितकेच घरानेही दिले. मूल पुरे झाले असे दोघांनी ठरवले असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आधी पुरुषाने का जाऊ नये? 0.3 टक्क्यांचा तो आकडा ही आपल्या सर्वांची लाज आहे, आणि ती घालवायला कोणत्याही सरकारच्या जी.आर.ची गरज नाही.

1938 साली विधानसभेत 52 हात वर झाले आणि बाईच्या हाती येणारे साधन अडले. आज साधने सरकारी कपाटात आहेत, कायदा पुस्तकात आहे. ती दोन्ही बाईपर्यंत पोचवणारे हात तेवढे अजून कमी आहेत.